आधी हाळी, मग गोटा

चहाचा पेला हातातून निसटला, असं मायाप्पाने बायकोला सांगितलं. ते खोटं होतं. पेला निसटला नव्हता. त्याने तो टाकला होता.

म्हणजे टाकायचा असं काही त्याने ठरवलं नव्हतं. सकाळी चौदाव्या मजल्याच्या गॅलरीत तो चहा पीत उभा होता आणि खाली बघता बघता मनात आलं, हा पेला इथून पडला तर? उंचावर कठड्याशी उभं राहिलं की असं कुणाच्या मनात येत नाही? तुमच्या-आमच्या सगळ्यांच्या येतं. येतं आणि जातं, हाताला त्याची खबरही लागत नाही. मायाप्पाच्या मनातून मात्र तो विचार जायच्या आत त्याचा उजवा हात कठड्याबाहेर गेला आणि बोटं उघडली. खाली किराणा दुकानाच्या पत्र्यावर स्टीलचा पेला आदळल्याचा आवाज वरपर्यंत आला.

"काय पडलं ओ?" तनुजा आतून धावत आली. तिच्या खांद्यावर लेक होती.

"पेला. निसटला."

"बाई गं! खाली कुणी नव्हतं न्हवं?" तिने वाकून पाहिलं. "बरं, हिला जरा धरा. गॅसवर दूध आहे, उतू जाईल."

तिने लेकीला पुढे केलं. मायाप्पाने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"हात ओले आहेत माझे," तो म्हणाला.

हात कोरडे ठणठणीत होते, हे तनुजाला दिसत होतं. ती आत पोहोचली तोवर दूध उतू गेलं होतं, आणि मग ओटा पुसत असल्याचा आवाज जरा जास्तच वेळ येत राहिला.

पहिली खेप म्हणून ती बाळंतपणाला जतला माहेरी गेली होती. येऊन तिला आठवडा झाला होता. मध्ये मायाप्पा एकदा धावतपळत जाऊन लेकीला बघून आला, पण तेव्हा ती झोपलेली होती, त्यामुळे त्याने उचललं नाही याचं कुणाला नवल वाटलं नाही. आता लेक तीन महिन्यांची झाली होती, टकामका बघत होती, हुंकार देत होती, आणि बापाने तिला अजून एकदाही हातात घेतलं नव्हतं. घ्यावंसं वाटत नव्हतं असं नाही. जीव तुटत होता त्याचा. पण लेकीला घेऊन उभं असताना मनात नको ते येऊन गेलं तर? पेल्यासारखं झालं तर? या भीतीने त्याला घास जात नव्हता, आणि ती बोलून दाखवायला तोंड उघडत नव्हतं.

मायाप्पा बंडगर हा पुण्याच्या 'सह्याद्री गोफण' संघाचा पिचर. पंधरा वर्षांपूर्वी आपल्याकडे बेसबॉल म्हटलं की लोकांना फक्त सिनेमातल्या गुंडांच्या हातातला तो लाकडी दंडुका आठवायचा. मग आशियाई लीग आली, पुण्याला संघ मिळाला, आणि ज्यांना क्रिकेटखेरीज दुसरं दैवत ठाऊक नव्हतं ते लोकही मैदानावर जाऊन बसू लागले. खेळ तसा साधा. मातीच्या उंचवट्यावर पिचर उभा राहतो, साठ फुटांवर बॅटर. पिचरने टप्पा न पाडता चेंडू फेकायचा आणि बॅटरने तो हाणायचा. चेंडू ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढे गेला की बॅटरला पापणी लवायला लागतो त्याहून थोडाच जास्त वेळ मिळतो. तेवढ्यात बघायचं, ठरवायचं आणि दंडुका फिरवायचा.

हा संघ काढणाऱ्यांनी फेकणारे हात शोधत गावं पालथी घातली. जत तालुक्यातल्या मेंढेवाडीत त्यांना मायाप्पा सापडला. धनगराचं पोर, जोंधळा हुरड्यात आला की मचाणावर चढून गोफणीने पाखरं राखणारं. नेम असा की बाभळीच्या ज्या फांदीवर म्हणाल त्या फांदीवर गोटा.

पण त्याच्या घरात एक रीत होती. उभ्या जोंधळ्यात माणूस शिरला की दिसत नाही. कुणी बाई तण काढत असते, कुणी आडोशाला बसलेलं असतं. म्हणून गोफण फिरवायच्या आधी हाळी द्यायची आणि एक दम थांबायचं. आत कुणी असेल तर ते ओ देतं. ओ आली की गोटा खाली ठेवायचा. आधी हाळी, मग गोटा. ही रीत एकदा मोडली म्हणून मायाप्पाच्या चुलत आज्याचा एक डोळा गेला होता, आणि उरलेल्या एका डोळ्याने तो घरातल्या प्रत्येक पोराकडे असा बघायचा की रीत विसरायची कुणाची छाती झाली नाही.

मैदानावरही मायाप्पाची हाळी सुटली नाही. चेंडू फेकण्याआधी तो "हौऽ" करून ओरडायचा, एक दम थांबायचा, मग फेकायचा. प्रेक्षकांना ते भारी आवडलं. सगळं मैदान त्याच्याबरोबर हौऽ करायचं. पुढे दुसऱ्या संघांच्या बॅटरांनाही ते आवडू लागलं, कारण हाळी आली की किती वेळाने चेंडू येणार, हे त्यांना पाठ झालं होतं.

"हे शेत नाही, मायाप्पा," संघाचे मॅनेजर विश्राम रेगे त्याला म्हणाले. रेगे स्वतः जुने वेगवान गोलंदाज, माणूस वाईट नव्हता. "समोर पाखरं नाहीत आणि जोंधळ्यात कुणी बसलेलं नाही. तोंड बंद ठेवून फेक."

सहा महिने घासून त्याने हाळी बंद केली. बॅटर गोंधळले, मायाप्पाचं नाव झालं. आणि त्याच मोसमात, हाळीशिवाय आलेला त्याचा एक चेंडू तैपेईच्या लिन नावाच्या बॅटरला डोळ्याखाली लागला. गालाचं हाड मोडलं. लिन दोन महिन्यांत बरा होऊन खेळायला लागला. मायाप्पा मात्र बरा झाला नाही. चेंडू सुटायच्या ऐन क्षणी त्याचा हात आखडायचा. चेंडू कधी बॅटरमागे झेलायला बसलेल्या कॅचरच्या डोक्यावरून जायचा, कधी मध्येच मातीत. रेग्यांनी मालिशवाले आणले, मन शांत करणारे आणले, त्याच्या आईने बिरोबाचा भंडारा पाठवला. हात आखडायचा तो आखडायचाच. या दुखण्याने भल्याभल्या पिचरांची कारकीर्द बुडालेली आहे, आणि त्याच्यावर औषध नव्हतं.

औषध डॉक्टर नंदिनी फणसळकरांनी काढलं.

"आपण हात हलवायचं ठरवतो," त्यांनी मायाप्पाला समजावलं होतं, "त्याच्या आधीच मेंदूत हालचालीची तयारी सुरू झालेली असते. मग हात हलायच्या जरासं आधीपर्यंत मेंदूला एक संधी असते. नको म्हणायची. हा झाला मेंदूचा ब्रेक. तुमचा चेंडू लिनला लागला तेव्हापासून तुमचा ब्रेक भित्रा झालाय. कारण नसताना लागतो. आपण तो तेवढ्यापुरता गप्प करायचा."

कानामागे कातडीखाली एक लहानशी चकती. तिच्यातून निघणाऱ्या सूक्ष्म ध्वनिलहरी मेंदूच्या नेमक्या त्या भागावर पडायच्या आणि ब्रेक निजून जायचा. उंचवट्यावरच्या रबरी पट्टीवर बुटाचा तळ टेकला की चकती चालू, पाय उचलला की बंद. तिचं नाव 'निर्वेध'. लीगने उपचार म्हणून परवानगी दिली. पहिल्याच दिवशी मायाप्पाचा चेंडू असा सुटला की कॅचरने हातमोजा काढून तळवा चोळला. मनात यायचं, तिथे चेंडू जायचा. मध्ये कुणी नव्हतंच अडवायला.

त्या गोष्टीला आता दोन मोसम झाले होते.

पेल्याच्या दुसऱ्या दिवशी सरावाला मायाप्पाने पट्टीवर पाय ठेवला, हात मागे नेला, आणि तेवढ्यात कॅचरने थांब म्हणून हात वर केला. त्याच्या मुखवट्याचा पट्टा सुटला होता. मायाप्पाला हात दिसला. थांबायला हवं, हे कळलं. चेंडू तरीही सुटला आणि उठून उभ्या राहिलेल्या कॅचरच्या कानाजवळून मागच्या जाळीत घुसला.

"अरे, थांब म्हटलं तर थांबावं माणसानं!" रेगे लांबून हसत ओरडले. मग वेग दाखवणाऱ्या फलकाकडे बघून त्यांनी अंगठा उंचावला. शनिवारी अंतिम सामना होता.

मायाप्पाला हसू आलं नाही. पट्टीवर हात थांबणार नाही, हे त्याला ठाऊकच होतं. पण गॅलरीत कुठे होती पट्टी?

संध्याकाळी तनुजाने बारशाचा विषय काढला. बंडगरांच्या घरात बारशाला मूल बापाच्या मांडीवर देतात आणि मग आत्या त्याच्या कानात नाव सांगते. मायाप्पाच्या आईचा दोनदा फोन येऊन गेला होता.

"पुढं ढकलूया," मायाप्पा म्हणाला.

"अजून किती पुढं? तीन महिने झाले, पोरीला नाव नाही. नुसतं बाळ बाळ चाललंय." तनुजा शाळेत शिकवायची. एरवी तिचा आवाज वर्गातल्यासारखा सरळ असायचा, आज तो कापत होता. "माझी आई मला विचारत होती, जावईबापूंचं काही बिनसलंय का? मी म्हटलं, कामात आहेत. खरं सांगा आता. मुलगी झाली म्हणूनच ना?"

"असं काय बोलतीस?"

"मग हात का लावत नाही तिला? शेजारच्या बाईनं कालपासून चार वेळा घेतलं तिला. बापाला वेळ नाही!"

मायाप्पाच्या हातात मोबाइल होता. आपण काय सांगणार, कसं सांगणार, या तिडकीत त्याच्या मनात आलं, आपटावा हा. एवढंच. भांडणात कुणाच्याही मनात येतं तेवढंच.

मोबाइल तनुजाच्या कानाजवळून जाऊन भिंतीवर फुटला. झोळीत निजलेली लेक दचकून रडायला लागली.

तनुजाने तिला उचलून छातीशी घेतलं आणि ती दाराशी जाऊन उभी राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. पाच वर्षांच्या संसारात या माणसाने तिच्यावर साधा आवाज चढवला नव्हता.

"आज मोबाइल," ती म्हणाली. "उद्या काय?"

मायाप्पा खाली फरशीवर बसला. दोन्ही हात त्याने मांड्यांखाली दाबून धरले आणि सगळं सांगून टाकलं. चकती, कॅचर, पेला. लेकीला घेऊन गॅलरीजवळून जाण्याचा नुसता विचारही का नकोसा होतो, तेही.

"म्हणजे तसलं मनात आलं होतं तुमच्या," तनुजा म्हणाली.

"सगळ्यांच्याच मनात येतं गं."

लेक हुंदके देत देत शांत झाली. मग तनुजा दाराला टेकून खाली बसली.

"कांदा चिरताना ही शेजारीच असते," ती हळू म्हणाली. "सुरीकडं बघून माझ्याही मनात कायबाय येऊन जातं. अंगावर काटा येतो नुसता. आईलासुद्धा सांगितलं नाही मी. वाटायचं, जगात मीच अशी."

मायाप्पाला वाटलं, उठून तिच्याजवळ जावं. पण हात मांड्यांखालून काढायचा धीर झाला नाही.

"पण माझा हात थांबतो ओ," तनुजा म्हणाली. "तुमचा थांबत नाही."

सकाळी तिने बॅग भरली. "मी मेंढेवाडीला जाते, तुमच्या आईंकडं. सोमवारी बारसं धरू. यायचं तर हिला मांडीवर घ्यायला या. लांबून बघायला येऊ नका."

डॉक्टर फणसळकरांनी त्याला पडद्यासमोर बसवलं. हिरवा ठिपका दिसला की बटण दाबायचं. हिरव्यापाठोपाठ लाल आला तर दाबायचं नाही. शाळकरी पोराचा खेळ. मायाप्पा प्रत्येक वेळी दाबत राहिला. लाल दिसायचा, दाबू नको असं तो स्वतःला बजावायचा, आणि बोट तोवर खाली गेलेलं असायचं. डॉक्टरांनी चकती बंद आहे ना, हे तपासलं. बंदच होती.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, ब्रेक फक्त मैदानावर गप्प राहील. पण मेंदू काटकसरी असतो. जी वाट वापरात नाही तिच्यावर तो गवत उगवू देतो. दोन मोसम हजारो चेंडू तुम्ही त्या वाटेने गेलाच नाहीत."

"चकती काढली की मोकळी होईल वाट?"

"होईल कदाचित. सावकाश. वचन नाही देऊ शकत मी. आणि काढली की मैदानावर तुमचा हात पुन्हा आखडेल, हेही नक्की नाही सांगता येत, पण बहुधा."

"मग तोवर काय करायचं मी? हात बांधून ठिवू?"

डॉक्टर जरा विचार करून म्हणाल्या, "ब्रेक दोन प्रकारचे असतात. एक अचानक करकचून दाबायचा. तो तुमचा गेलाय. दुसरा म्हणजे वळण यायच्या आधीच गाडी हळू करायची. हालचालीची तयारी व्हायच्या आधीच स्वतःला थोपवायचं, इकडेतिकडे बघायचं, मग निघायचं. त्याचा मार्ग मेंदूत वेगळा आहे. त्याला चकतीने हात लावलेला नाही. पण त्याची सवय लागते. लहानपणापासून लागलेली असली तर उत्तम."

फोनवर रेगे सगळं ऐकत होते. "डॉक्टर, शनिवारी फायनल आहे," ते म्हणाले. "रविवारी काढा ना चकती. एका सामन्यानं काय होतंय?"

"एका सामन्यानं गवत आणखी वाढेल."

"मायाप्पा, तू सांग. समोर लिनचाच संघ आहे. लोक तुझ्यासाठी येणार आहेत रे. पुन्हा तुला ही संधी मिळेल न मिळेल."

मायाप्पाने आपल्या हाताकडे पाहिलं. हा हात नसता तर तो आज कुठल्या तरी माळावर मेंढरांमागे असता, आणि त्यात वाईट काही नव्हतं, पण हाताने त्याला जग दाखवलं होतं. एक सामना. मग काढू. शहाणी माणसं वेडेपणा करतात तेव्हा असंच म्हणतात.

"खेळतो," तो म्हणाला.

शनिवारी मैदान खचाखच भरलं होतं. पहिला निम्मा सामना मायाप्पाने असा फेकला की तैपेईचे बॅटर दंडुका फिरवायचे तेव्हा चेंडू कॅचरच्या हातात विसावलेला असायचा. सह्याद्री गोफण दोन धावांनी पुढे होतं. रेग्यांनी खुर्चीवर बसणं सोडून दिलं होतं.

मग लिन आला. तैपेईची दोन माणसं कडेच्या मुक्कामांवर, म्हणजे बेसवर, उभी होती आणि लिनने चेंडू मैदानाबाहेर काढला तर तिघेही फेरी पुरी करून घरी, म्हणजे बॅटरच्या जागी, पोहोचणार होते आणि तैपेई एका धावेने पुढे जाणार होतं. लिन वाकून उभा राहिला आणि त्याने मायाप्पाकडे मान वर करून पाहिलं. डोळ्याखाली, हाड जुळलं होतं तिथे, गाल जरासा आत गेलेला होता.

मायाप्पाने पट्टीवर पाय ठेवला आणि त्याच्या मनात आलं, पुन्हा तिथेच लागला तर?

लिनला लागावं अशी त्याची इच्छा नव्हती. उलट लागू नये याच धाकाने तो विचार आला होता. पण इच्छा आणि धाक हा फरक त्याच्या हाताला आता कळत नव्हता. मनात येईल ते ठिकाण, एवढंच हाताला कळत होतं. पेला पडला तर, असं मनात आलं होतं आणि पेला पडला होता. आता हात मागे गेला की चेंडू त्या गालावरच जाणार, हे मायाप्पाला लख्ख दिसलं, आणि हात मागे जायला निघाला होता. खांद्यात ती ओढ सुरू झाली होती.

"हौऽऽऽ!"

इतकी वर्षं घशात अडकलेली हाळी सुटली. लिन दचकून रेषेबाहेर गेला आणि त्याने हात वर केला. पंचांनी खेळ थांबवला.

मायाप्पाचा हात खालीच होता. चेंडूसहित खाली. त्याला आत कुठेतरी फार दिवसांनी बरं वाटलं. मचाणावर वाटायचं तसं. हाळी दिली, समोरून ओ आली, गोटा थांबला. हात ही भाषा विसरला नव्हता.

"तोंड बंद ठेव!" कडेवरून रेगे ओरडत होते. "तोंड बंद!"

पंचांनी खूण केली. मायाप्पाने पुन्हा पट्टीवर पाय ठेवला. त्याने हाळी दिली, एक दम थांबला, मनातला गाल निघून जाऊ दिला, आणि कॅचरच्या हातमोज्याखेरीज डोळ्यापुढे काही उरलं नाही तेव्हाच फेकला. स्वच्छ, सरळ, वेगाचा चेंडू होता. पण लिनही काही लेचापेचा नव्हता. हाळीवरून ताल धरायचा कसा, हे त्याला जुन्या दिवसांपासून पाठ होतं. दंडुक्याचा असा टणत्कार झाला की चेंडू कुठे गेला हे बघायला कुणी मानही वळवली नाही. तो दिव्यांच्या खांबांपलीकडे गेला होता.

तिघे धावत घरी आले. लोक शिव्या घालू लागले, पाण्याच्या बाटल्या पडू लागल्या. रेगे उंचवट्यापर्यंत चालत आले आणि त्यांनी चेंडू मागण्यासाठी हात पुढे केला.

"का रे?" त्यांचा आवाज फाटला होता. "एक चेंडू गप्प राहून फेकायचा होता. का?"

"गप्प ऱ्हायलो असतो तर त्यो पुन्ना उठला नसता, सर."

रेग्यांनी लिनकडे पाहिलं, मग मायाप्पाकडे. त्यांना काय समजलं ते त्यांनाच ठाऊक. "उद्यापासून सरावाला येऊ नकोस," ते म्हणाले, पण ते म्हणताना त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता.

सामना गेला. रविवारी डॉक्टर फणसळकरांनी चकती काढली आणि पुन्हा हिरव्या-लाल ठिपक्यांसमोर बसवलं. बोट अजून लालवर खाली जातच होतं. "महिने लागतील," त्या म्हणाल्या. "घाई नको." पण बारसं काही महिने थांबणार नव्हतं.

सोमवारी मेंढेवाडीच्या अंगणात मांडव घातला होता. पाव्हण्यांमध्ये दोनच विषय होते, जेवणातली शाकभाजी आणि मायाप्पाची हाळी. काही जण तोंडावर गप्प बसत होते, काही मागून हौऽ करून हसत होते. मायाप्पाने घोंगडं अंगणाच्या मधोमध, चौथऱ्यापासून लांब, जमिनीवर अंथरायला लावलं आणि कडेने उशा मागवल्या.

"अरं, उशा कशाला इतक्या?" आई म्हणाली. "पोर हाय का काचंचं भांडं?"

"असू दे गं आई."

तो मांडी घालून बसला. तनुजा लेकीला घेऊन समोर आली. सगळा गाव बघत होता, पण त्या दोघांना कसला धाक वाटतोय, हे त्या दोघांनाच ठाऊक होतं. ती त्याच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसली आणि तिने लेकीला त्याच्या मांडीवर ठेवलं. लेकीच्या पाठीखाली मायाप्पाचे हात होते आणि त्यांच्याखाली, पदराआड, तनुजाचा एक हात तसाच राहिला. तो तिने काढला नाही.

"भ्या वाटतंय मला," मायाप्पा फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाला.

"मला पण," तनुजा म्हणाली.

लेक ऊबदार होती आणि त्याच्या कल्पनेपेक्षा फारच हलकी. तिने त्याचा अंगठा मुठीत धरला. आणि जे यायचं ते त्याच्या मनात आलं. ते काय होतं हे सांगण्यात अर्थ नाही. कुठल्याही बापाच्या मनात येऊन जातं, तो ते कुणाला सांगत नाही. मायाप्पाची बोटं ताठ व्हायला लागली. पदराखाली तनुजाच्या हाताला ते कळलं आणि तो हात घट्ट झाला.

मायाप्पाने डोळे मिटले नाहीत. लेकीकडे बघत, शेजारी बसलेल्या बायांनाच ऐकू जाईल इतक्या हळू, त्याने हाळी दिली.

"हौऽऽ."

आणि तो एक दम थांबला.

बाया हसल्या. लेक हसली नाही. तिने भुवया वर केल्या, बापाच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं, ओठांचा चंबू केला आणि लांबलचक, गळ्यातून, अगदी स्पष्ट ओ दिली.

"ओऽऽऽ."

मायाप्पाची बोटं सैल पडली. आपोआप. जोंधळ्यातून ओ आली की जशी पडायची तशी. लेक त्याच्या तळव्यांवर होती तिथेच राहिली. त्याने पुन्हा हाळी दिली, थांबला, लेकीने पुन्हा ओ दिली. आता सगळा मांडव हसत होता आणि मायाप्पा रडत होता, आणि पाव्हण्यांना वाटलं, सामना हरल्याचं दुःख असेल बिचाऱ्याला.

"दादा, सांगू का नाव?" त्याची बहीण लेकीच्या कानाशी वाकून विचारत होती.

"सांग," मायाप्पा म्हणाला.

तनुजाने त्याच्याकडे पाहिलं. मग तिने पदराखालचा आपला हात काढून घेतला.